मॅक्रो फोटोग्राफी: आधी लेन्स की आधी किडा?

टेकडीवाला:
"मॅक्रोसाठी कुठली लेन्स घेऊ?" असे व्यनि (खासगी निरोप) येतच असतात. मॅक्रो म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहितो. माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण ते असं आहे: लेन्स राहू द्या, आधी एक किडा निवडा.

घरात लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी असली तर झालंच काम. लाइम बटरफ्लाय हे काळं-पिवळं फुलपाखरू तिथे येऊन कोवळ्या पानावर एकेक सुटं अंडं घालतं. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, फिकट पिवळं. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि वर पांढरे डाग. शेवटच्या टप्प्यात कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते. मुंगी फार जवळ आली तर तिच्या डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. कॉमन मॉर्मनची अळीही याच झाडांवर असते आणि लहानपणी दोघी जवळपास सारख्याच दिसतात. हे सगळं माहीत असलं की उद्या काय घडणार याचा अंदाज येतो आणि तुम्ही कॅमेरा घेऊन वेळेवर हजर असता. मॅक्रोत निम्मं काम हेच.

आता थोडं तांत्रिक. जवळून काढलेला प्रत्येक फोटो मॅक्रो नसतो. खरा मॅक्रो १:१ चा, म्हणजे किडा जेवढा असेल तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चकतीवर) पडणं. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची रुंदी २३ मिमीच्या आसपास, म्हणजे फ्रेममध्ये तेवढीच रुंदी मावते. एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक आणि फोकसमधला भाग जाड, पण इतक्या जवळ गेल्यावर एफ/११ लाही फोकसमधला पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. मग लोक एफ/२२ लावतात आणि फोटो मऊ का आला म्हणून विचारतात. १:१ ला छिद्राचा आकडा प्रत्यक्षात दुप्पट होऊन बसतो. एफ/११ लावलंत तरी काम एफ/२२ सारखंच होतं, आणि त्याच्या पलीकडे विवर्तन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं फाकणं) सगळे बारकावे खाऊन टाकतं. म्हणून छिद्र बारीक करत बसू नका, कॅमेऱ्याचा कोन बदला. फुलपाखराचे पंख मिटलेले असतील तर सेन्सर पंखांना समांतर धरा. कोळी असेल तर डोळे त्या एका मिलिमीटरमध्ये आणा, पाय धूसर झाले तरी चालतील.

आणि प्रकाश. माझ्या मते चांगल्या आणि वाईट मॅक्रो फोटोत सर्वात मोठा फरक प्रकाशानेच पडतो. फ्लॅश १/३२ पॉवरवर असला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. त्यामुळे हात हलला, वाऱ्याने काडी डुलली तरी चित्र गोठतं, ट्रायपॉड लागत नाही. पण उघडा फ्लॅश मारलात तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग उमटणार. मधे डिफ्यूजर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) हवा, तोही मोठा आणि किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका जवळ. ट्रेसिंग पेपर, बटर पेपर, लॅपटॉपच्या खोक्यात येतो तो पांढरा फोमचा कागद, चिप्सचा लांबट डबा यातून घरी बनतो. दिसायला तो भिकार असतो, टेकडीवर लोक थांबून "हे काय मोजताय?" म्हणून विचारतात. चालतं.

वेळेबद्दल एवढंच की पुण्यात डिसेंबर-जानेवारीत वेताळ टेकडीवर उन्हं यायच्या आत पोचा. किडे गारठलेले असतात, चतुर दवाने भिजून काडीवर बसलेला असतो आणि हातभर अंतरावरूनही उडत नाही. ऊन लागलं की पाच-दहा मिनिटांत खेळ खल्लास.

सॅम्या:
लेख मस्त. पण "लेन्स राहू द्या" हे जरा अतिच होतंय दादा. ज्याच्याकडे १०० मिमीची मॅक्रो लेन्स आहे त्याला हे म्हणणं सोपं जातं. नवीन माणसाने कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सवर लाइम बटरफ्लायचं अंडं काढून दाखवावं. पांढरा ठिपका दिसेल, बस.

टेकडीवाला:
मुद्दा मान्य, पण मधले रस्ते आहेत. एक, एक्स्टेन्शन ट्यूब. आत काच नसते, नुसती पोकळ कडी. ५० मिमीच्या लेन्समागे ५० मिमीची ट्यूब लावली की १:१. दोन, रिव्हर्स रिंग. काही शे रुपयांत मिळते. ५० मिमीची जुनी लेन्स उलटी लावली की साधारण १:१ मिळतं. छिद्राची कडी असलेली जुनी लेन्स शोधा, नव्या लेन्समध्ये छिद्र कॅमेऱ्यातून चालतं आणि उलटी लावल्यावर तो संपर्कच तुटतो. तीन, रेनॉक्स डीसीआर-२५०. आठ डायॉप्टर ताकदीचं भिंग, चिमटा दाबून लेन्सपुढे बसवायचं. ५५-२५० झूम असेल तर २५० मिमीला ते २:१ देतं, म्हणजे मूळ आकाराच्या दुप्पट.

सॅम्या:
आणि अंतराचं काय? रेनॉक्सने बारा सेंटिमीटरवर जावं लागतं. रिव्हर्स लेन्सने तर त्याहूनही जवळ. तेवढ्यात चतुर तुमची वाट बघत थांबणारे का?

टेकडीवाला:
खऱ्या मॅक्रो लेन्सनेही फार सुटका नाही. ९० किंवा १०० मिमीच्या लेन्सवर किमान अंतर ३० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या तोंडापुढे त्याच्या निम्मंच उरतं. चतुर थांबतो तो त्याच्या सवयीमुळे. बरेचसे चतुर उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात, लुटारू माशीही तेच करते. ती उडाली म्हणून तिच्या मागे धावू नका, काडीपाशी बसून राहा. भर उन्हात चतुर शेपूट आकाशाकडे सरळ उभी करतो, अंगावर ऊन कमीत कमी पडावं म्हणून. ही पोझ हवी असेल तर पहाटे जाऊन मिळणार नाही.

सॅम्या:
ठीक आहे, पण मी लेन्सच घेणार :)

कुंपणावरचा:
घ्या हो. पैसे तुमचे, किडे सगळ्यांचे.

जास्वंद:
दादा, माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. ठाण्यात राहते, टेकडी वगैरे जवळ नाही, गॅलरीत आठ-दहा कुंड्या आहेत. मोबाइलमध्ये मॅक्रो नावाचा वेगळा कॅमेरा आहे, पण त्याने काढलेलं सगळं धुरकट येतं. काही उपाय?

टेकडीवाला:
जास्वंदताई, तो वेगळा कॅमेरा बहुतेक दोन मेगापिक्सेलचा असणार, त्याला विसरा. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याची क्लिप-ऑन लेन्स लावा. अंतर स्वतः मागेपुढे होऊन जुळवा आणि एकामागून एक भरपूर फोटो काढा. महागड्या फोनांत अल्ट्रावाइड कॅमेराच जवळ फोकस होतो, आयफोन १३ प्रोपासून तो दोन सेंटिमीटरवर जातो. प्रकाश मात्र खिडकीचा घ्या, फोनचा फ्लॅश नको.

आणि ठाण्याला कमी लेखू नका! मुंबईवरच्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे यांचं नाव २०२१ साली एका नव्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला दिलं, इसियस तुकारामी. तो ठाण्यातच सापडला. घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी नावाजलेली आहे, रविवारी सकाळी जाऊन या.

गॅलरीतल्या कोळ्यांपासूनच सुरुवात करा. उड्या मारणारा कोळी जाळं विणून बसत नाही, नजरेने शिकार करतो. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे. तुम्ही हललात की तो वळून थेट लेन्सकडे बघतो, दुसरा कुठला किडा एवढं सहकार्य करत नाही. नीट पाहिलंत तर त्या मोठ्या डोळ्यांचा रंग क्षणात गडद, क्षणात फिका होताना दिसेल. आत नेत्रपटल हलत असतं, त्यामुळे तसं दिसतं.

शिवार_सिल्लोड:
नमस्कार मंडळी. आमचा छंद नाही, गरज आहे. मका लावतो. २०१८ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि पुढं आमच्याकडं आली. तेव्हा गावात कोणालाच ओळखता येईना. जो तो दुकानदार सांगल ती फवारणी करायचा. पुढं कृषी सहायकानं खूण सांगितली. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी रेघ आणि शेपटीच्या अलीकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. अळी लहान असताना हे नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. मी मोबाइलला क्लिपवालं भिंग लावलं, पोंगा (मक्याच्या शेंड्याची पानांची सुरळी) उघडून फोटो काढला, मोठा करून पाहिला. लगेच कळतं. आता गावातले पोरं मलाच फोटो पाठवतात.

टेकडीवाला:
अप्पा, दंडवत! माझा सगळा लेख तुमच्या एका प्रतिसादापुढे फिका आहे. मित्रकिडींचे (पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांचे) फोटो असतील तर तेही टाका ना.

शिवार_सिल्लोड:
आहेत की. ढालकिड्याची अळी पहा, काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्याची, मगरीवानी दिसती. मोठा ढालकिडा सगळे ओळखतात, पण ही त्याचंच पिल्लू आहे हे कोणाला पटत नाही, शत्रू समजून तिच्यावर फवारा मारतात. ती तर मावा खाती. क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकिडीची अंडी पण तशीच, पानाखाली बारीक केसावानी दांडीवर एकेक टांगलेली. लोकं म्हणतात बुरशी आली. फोटो दाखवला की फवारणी थांबवतात. समद्यांची नाही थांबत, खोटं कशाला सांगू.

कुंपणावरचा:
या धाग्यातला सर्वात उपयोगी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

सॅम्या:
अप्पा भारीच. मला एक विचारायचंय, लोक फोकस स्टॅकिंग करून माशीच्या डोळ्यातली एकेक खाच दाखवतात ते जिवंत माशीवर कसं जमतं? एका ग्रुपवर एकाने सांगितलं की किडा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा, मग हलत नाही.

टेकडीवाला:
स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे सरकवत बरेच फोटो काढायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा. शंभर-दीडशे फ्रेमचे जे स्टॅक दिसतात ते बहुतेक मेलेल्या, पिन लावलेल्या नमुन्यांचे असतात. संग्रहालयाच्या कामासाठी ते योग्यच आहे, फक्त खाली तसं लिहावं. जिवंत किड्यावर पहाटेच्या थंडीत हातात कॅमेरा धरून, श्वास रोखून, चार-सहा फ्रेम जमतात. तेवढ्यात डोळे आणि मिशा दोन्ही मिळतात, पुरे आहे.

फ्रीजवाल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मला तो प्रकार घाणेरडा वाटतो. आणि तो लपतही नाही. गारठवलेल्या किड्याचे पाय आत मुडपलेले, मिशा पडलेल्या, आणि बसवलेला असतो भलत्याच फुलावर. अंगावर ग्लिसरीनचे थेंब, तेही फक्त डोक्यावर. दव असं पडत नाही, ते काडीवर, पानावर, सगळीकडे पडतं. बेडकाच्या डोक्यावर पानाची छत्री असलेले फोटो फिरतात ते इंडोनेशियातून आलेले, पाळलेले बेडूक मांडून काढलेले. लाइक भरपूर मिळतात. त्यातून बेडकाबद्दल काय कळलं? काहीच नाही.

सॅम्या:
मी ठेवला नाहीये हां, विचारलं फक्त. पण जरा जास्तच सोवळं नाही का हे? तुमचा फ्लॅश किड्याच्या तोंडावर लखलखतो तेव्हा त्याला आनंद होतो का?

जास्वंद:
हे बरोबर विचारलं.

टेकडीवाला:
रास्त प्रश्न आहे. दिवसा बहुतेक किडे फ्लॅशची दखल घेत नाहीत, खातपीत राहतात, हे पाहिलेलं आहे. रात्रीचं वेगळं. रात्री बेडकावर, पक्ष्यावर, सापावर फ्लॅश मारत राहणं मला पटत नाही. काजव्यांवर तर अजिबातच नाही. त्यांचा सगळा संवादच उजेडावर चालतो, नर चमकतो आणि मादी उत्तर देते. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये लोक बॅटऱ्या नाचवत, गाड्यांचे दिवे चालू ठेवून काजवे बघायला जातात. काय बोलणार!

ओंबील:
आंबोलीजवळचा आहे, म्हणून थोडं बोलतो. पाऊस लागला की इथे पुण्या-मुंबईहून माणसं रात्री टॉर्च घेऊन येतात. बहुतेक जण चांगले असतात. पण एका बेडकाभोवती आठ जण, आठ फ्लॅश, आणि मधला एक जण त्याला उचलून "चांगल्या" पानावर ठेवतो, हेही रोजचंच. इथला झँथोफ्रिन टायग्रिना, वाघासारख्या पट्ट्यांचा छोटा भेक, २००९ साली शास्त्राने नोंदवला. आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळपास नाहीच. कातळावर पावसाचं पाणी साचतं त्या डबक्यांत त्याची वीण होते, लोक फोटोसाठी नेमके त्याच डबक्यांत पाय देतात. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो. तुमच्या हाताला डासांचं मलम, सॅनिटायझर असतं. हात लावायचाच नाही, विषय संपला.

हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातल्या माशाची गोष्ट ऐकली असेलच. २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. त्याच्याआधी कित्येक माणसं त्या कुंडाशी पाया पडून गेली असतील, मासा तिथेच होता.

कोळ्यांचा विषय निघालाय तर आमच्या हुमल्यांचं सांगतो, शिवून पानांचं घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्यांच्या रांगेजवळ एक मुंगी जरा अवघडून चालताना दिसली तर फोटो काढा आणि पाय मोजा. आठ निघाले तर तो कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो, कमरेला मुंगीसारखी खाच. नराचे जबडे एवढे लांब की मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरल्यासारखी वाटते. गंमत म्हणजे तो खऱ्या मुंग्यांपासून अंतर राखून असतो, त्या धरतील म्हणून. फक्त सांभाळून, आधी हुमले तुम्हांला धरतील.

टेकडीवाला:
ओंबीलभाऊ, तुमचा बेडकांचा परिच्छेद छापून आंबोलीच्या नाक्यावर लावायला हवा. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही तेच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचं नाव आलं आणि गर्दी लोटली. सीतेची आसवं, दवबिंदू ही बोटाएवढी झाडं, त्यांचा मॅक्रो काढायला माणूस जमिनीवर आडवा पडतो आणि पोटाखाली शंभर झाडं चिरडतात. दवबिंदूच्या चिकट थेंबात अडकलेला डास सुंदर दिसतो, नाही म्हणत नाही. वाटेच्या कडेला जे मिळेल तेवढ्यावर समाधान मानावं. तिथेही असतंच.

मिनेसोटाकर:
इकडे वर्षातले निम्मे महिने किडाच नसतो, म्हणून मी बर्फाच्या स्फटिकांवर उतरलोय. गडद लोकरीच्या कापडावर पडू द्यायचे आणि रिव्हर्स लेन्सने टिपायचे. श्वास लागला की वितळतात, म्हणून नाकातोंडावर मफलर. याच्यात आद्यपुरुष म्हणजे व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली. त्याने १५ जानेवारी १८८५ ला कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून पहिला स्फटिक टिपला आणि आयुष्यभरात पाच हजारांच्या वर काढले. त्याच्याकडेही आधी लेन्स नव्हती, आधी बर्फ होता :) जूनमध्ये भारतात येतोय. मृगाचे किडे बघायला मिळतील का? लहानपणी गावी काडेपेटीत भरून ठेवायचो.

टेकडीवाला:
मिळतील, पाऊस वेळेवर आला तर. पहिल्या सरींनंतर सकाळी ओल्या मोकळ्या मातीत बघा, शहरात कमी झालेत. आता काडेपेटी नको! लाल मखमल फोटोत फार फसवते, कॅमेऱ्याचा लाल रंग फुटतो आणि अंगावरची लव सपाट दिसते. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं कमी ठेवा, प्रकाश बाजूने येऊ द्या आणि कॅमेरा जमिनीला टेकवा. आणि फक्त एकटा मृगकिडा भरून काढू नका, आजूबाजूची माती, फुटलेला कोंब, सगळं घ्या. याच कारणासाठी मला फ्लॅशने काळीकुट्ट झालेली पार्श्वभूमी आवडत नाही. दिवसाचा किडा रात्रीचा वाटतो. मागे एखादं पान येऊ द्या, किंवा शटर मंद करून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा, म्हणजे मागचा हिरवा रंग टिकतो.

जास्वंद:
दादा, क्लिप लेन्स आली! मधुमालतीच्या वाळक्या काडीवर संध्याकाळी सात-आठ माश्या ओळीने बसल्या आहेत, पोटावर निळसर पट्टे. हलतच नाहीत. मेल्यात का?

ओंबील:
झोपल्यात. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या आहेत, अमेगिला. बहुतेक नर असतील. त्यांना पोळं नसतं, जबड्याने काडी धरून रात्र काढतात, पुष्कळदा रोज त्याच काडीवर. ती काडी तेवढी छाटू नका.

टेकडीवाला:
जास्वंदताई, नशीब काढलंत. आता फ्लॅश नको, उद्या उजाडताच जा. बाजूने एक, तोंडासमोरून एक आणि पाठीवरून एक असे तीन फोटो काढा. जबड्याची पकड बाजूनेच दिसेल. ओळख पक्की करायला पाठीचा फोटो लागतो, नुसत्या सुंदर चेहऱ्यावरून जात सांगता येत नाही. तिन्ही आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका, तारीख आणि जागेसह.

जास्वंद:
उजाडताच म्हणजे किती वाजता?

ओंबील:
त्या उठायच्या आधी.